गेमची यूआय स्वतः लिहायची असेल तर काय लिहावं आणि काय उसनं घ्यावं

घणसोलीच्या दोन मित्रांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गावर लोकल सोडण्याचा गेम ते करत आहेत. ठाण्याहून गाडी सोडायची, तुर्भ्याच्या पुढे ती सानपाड्याकडे वळवायची की जुईनगरकडे ते ठरवायचं, उशीर वाढू द्यायचा नाही, असा खेळ. कोड सी प्लस प्लसमध्ये, खाली एसडीएल ३ (खिडकी, टच आणि रंगवणं सांभाळणारी लायब्ररी). गेम लॅपटॉपवर आणि अँड्रॉइडवर दोन्हीकडे चालायला हवा. आतापर्यंतचे तक्ते आणि बटणं त्यांनी डिअर इमगुई या तयार यूआय लायब्ररीत केली. पण ते सगळं डेव्हलपरच्या टूलसारखं दिसतं, मराठी अक्षरं फुटतात आणि फोनवर भलतीच बटणं दाबली जातात. तेव्हा स्वतःची यूआय यंत्रणा (खेळाडूला दिसणारे तक्ते, बटणं, मेनू सांभाळणारं कोड) लिहावी, तयार लायब्ररी घ्यावी, की गोडो या तयार गेम इंजिनवर जावं?

माझं उत्तर: लिहा. हे मी प्रत्येकाला सांगत नाही. उड्या मारत पुढे जायचा गेम असता, त्यात एक मेनू, एक गुणफलक आणि ‘पुन्हा खेळा’ एवढंच लागणार असतं, तर गोडो घ्या म्हटलं असतं आणि विषय संपवला असता. तुमच्या गेममध्ये खेळाडू सुरुवातीपासून शेवटपर्यंत यूआयकडेच बघणार आहे. सुटणाऱ्या गाड्यांचा तक्ता, मार्गाचा नकाशा, सिग्नलची बटणं, हाच खेळ आहे. बोट ठेवल्यावर बटण कसं दबतं, गाडी गेल्यावर ओळ कशी सरकते, हे तुमच्या हातात असायला हवं.

मात्र ‘स्वतःची’ म्हणजे कुठपर्यंत, ती हद्द आधी आखा. मांडणी, विजेट (बटण, यादी असा पडद्यावरचा प्रत्येक घटक), टच, फोकस (कळांनी आत्ता कोणतं विजेट निवडलेलं आहे ते), रंगरूप हे तुमचं. अक्षरं जुळवणं, फॉन्टमधून अक्षराचं चित्र काढणं आणि फोनचा कीबोर्ड हे दुसऱ्याचं. पहिल्या यादीतलं बहुतेक काम एक-दोन माणसांना झेपतं आणि त्यात गेमचा स्वभाव उतरतो. दुसऱ्या यादीत माणसांची वर्षानुवर्षं गेली आहेत आणि ते काम मुक्त परवान्यावर तयार पडलेलं आहे. दुसरी हद्द अशी की ही यंत्रणा फक्त या गेमसाठी आहे. पुढच्या गेमला उपयोगी पडेल म्हणून काहीही लिहू नका. रंग निवडायचं चक्र, झाडासारख्या उघडणाऱ्या याद्या, ओढून हलवायच्या खिडक्या यांपैकी काहीही तुमच्या गेममध्ये नाही, तर तुमच्या कोडमध्येही नको.

डिअर इमगुई काढून टाकू नका. ओमार कॉर्नू यांनी २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली ती डेव्हलपरला खेळ चालू असताना आतले आकडे बघता-बदलता यावेत म्हणून, आणि त्या कामाला आजही तिच्याइतकी सोयीची वस्तू नाही. गाडीचा वेग, प्रवाशांची गर्दी, सिग्नलची अवस्था हे सगळं तिथेच ठेवा. खेळाडूला दिसणारा पडदा तेवढा तिच्याकडून काढून घ्या. देवनागरी तिच्यात फुटते याचं कारण साधं आहे: ती एका युनिकोड चिन्हाला एक चित्र असा हिशोब धरते. सेटिंग बदलून हे सुटणार नाही.

इमिजिएट की रिटेन्ड, हा वाद तुमच्या वाटेत येणारच. गेम प्रोग्रामर केसी मुराटोरी यांनी २००५ मध्ये इमिजिएट पद्धत मांडली तेव्हा तिचं बळ असं होतं की यूआयची वेगळी प्रत सांभाळावी लागत नाही. दर फ्रेमला, म्हणजे पडदा नव्यानं काढला जातो त्या प्रत्येक वेळी, ‘हे बटण, ही ओळ’ असं सांगायचं, जे सांगितलं ते दिसतं, जे सांगितलं नाही ते नसतं. रिटेन्ड पद्धतीत विजेट तयार करून ठेवायची आणि गेममधली माहिती बदलली की त्यांना कळवायचं. कळवायचं राहिलं की तक्त्यावर गेलेली गाडी उभीच दिसते. छोट्या टीमला मी दोन्हींचा मेळ घालायला सांगतो. कोड लिहिताना इमिजिएट ठेवा, दर फ्रेमला सगळा पडदा नव्यानं सांगा. पण आत प्रत्येक विजेटची ओळख धरून थोडी माहिती जपा: ते गेल्या फ्रेमला कुठे होतं, त्यावर बोट आहे का, त्याचं ॲनिमेशन कुठवर आलं, यादी कितपत सरकली. तुमच्या पडद्यावर फार तर काहीशे विजेट असतील. ती दर फ्रेमला नव्यानं सांगण्याचा खर्च फोनवरही नगण्य आहे.

या ओळखीवरच फोनवर भलती बटणं दाबली जाण्याचा तुमचा प्रश्न अडकलेला असावा. तक्त्यात तिसऱ्या ओळीत ७:४२ ची वाशी आहे. खेळाडूनं ‘सोडा’वर बोट ठेवलं. ते उचलायच्या आत पहिल्या ओळीतली ७:३८ ची गाडी सुटली आणि सगळ्या ओळी एकानं वर सरकल्या. बटणाची ओळख तुम्ही ओळीच्या क्रमांकावरून धरली असेल, तर बोट उचलताना तिसऱ्या ओळीत ७:४६ ची पनवेल आहे आणि तीच सुटते. ओळख ओळीच्या क्रमांकाची नको, गाडीच्या क्रमांकाची हवी. एवढं केल्यावर चुकीची गाडी सुटणं थांबतं, पण नवी अडचण येते: बोट आता ७:४६ च्या ओळीवर आहे, दाबलेलं बटण मात्र ७:४२ चं होतं आणि ते वर गेलं. त्यामुळे काहीच होत नाही आणि खेळाडूला वाटतं टच लागला नाही. म्हणून तक्त्यावर बोट टेकलेलं असेपर्यंत ओळींचा क्रम गोठवा. गेलेली गाडी फिकट करून तिथेच राहू द्या आणि बोट उचलल्यावर ओळी सरकवा. आत खेळ पुढे चालूच राहतो, फक्त तक्ता थांबतो.

टचचं बाकी काम दोन नोंदींवर चालतं: बोट किंवा माउस आत्ता कोणावर आहे, आणि दाबलेलं कोण आहे. एकदा दाबलं की उचलेपर्यंत तो टच त्याच विजेटचा. वाटेत दुसऱ्या कोणाला तो मिळता कामा नये. वर उघडलेल्या सूचनेच्या चौकटीनं टच घेतला तर खालच्या नकाशाला तो दिसूच नये. बोट कशावर आहे हे गेल्या फ्रेमच्या जागांवरून ठरवा. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर हा उशीर १६.६७ मिलिसेकंदांचा आहे, बोटाला तो जाणवत नाही. तक्ता सरकवणं आणि बटण दाबणं यांत फरक करायला अंतराची मर्यादा लागते. अँड्रॉइड स्वतः ८ डीपी धरतं, तेवढीच धरा. बोट त्यापुढे सरकलं की बटणाचा हक्क काढून यादीला द्या. (डीपी म्हणजे इंचाचा १६० वा भाग. प्रत्यक्ष पिक्सेल फोनप्रमाणे बदलतात. एसडीएल ३ खिडकीचं प्रमाण सांगतं, त्यावरून हिशोब करा.) बटणाची दाबायची जागा ४८ डीपीपेक्षा लहान नको, म्हणजे साधारण ७.६ मिलिमीटर. दिसायला बटण लहान चालेल, दाबायची जागा मोठी ठेवा.

बहुतेक बटणं बोट उचलल्यावर चालावीत, म्हणजे चुकून दाबलं तर बाजूला नेऊन सोडता येतं. सिग्नलचा खटका मात्र टेकताक्षणी हलावा. ही निवड प्रत्येक विजेटला वेगळी देता आली पाहिजे. तयार लायब्रऱ्यांत यासाठी बऱ्याचदा झगडावं लागतं, म्हणूनही तुम्ही स्वतः लिहावं असं मला वाटतं.

लॅपटॉपवर बाणाच्या कळा आणि गेमपॅड यांचा फोकस पहिल्या आठवड्यातच घाला. नंतर घालायला गेलात तर प्रत्येक पडदा पुन्हा उघडावा लागतो. खालचा बाण दाबला की त्या दिशेच्या विजेटांपैकी सगळ्यात जवळचं निवडायचं, आडव्या अंतराला थोडा जास्त दंड लावायचा, एवढ्यावर बहुतेक पडदे नीट चालतात. अँड्रॉइडचं ‘बॅक’ एसडीएलमध्ये एक कळ म्हणूनच येतं, ते आणि एस्केप एकाच वाटेनं हाताळा.

मांडणीकडे वळू. विजेटच्या रुंदी-उंचीचे तीनच प्रकार पुरेत: ठरलेली, आतल्या मजकुराएवढी आणि उरलेली जागा व्यापणारी. त्यात आडवी रांग आणि उभी रांग, मधलं अंतर, कडेचं अंतर. हिशोबाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सगळ्या रुंद्या ठरवा, मग त्या रुंदीत मजकूर मोडा, मग उंच्या काढा, शेवटी जागा. मजकुराची उंची रुंदीवर अवलंबून असते, म्हणून रुंदी-उंची एकदम काढायला गेलात की फसता. निक बार्कर यांची ‘क्ले’ नावाची सी मधली छोटी लायब्ररी याच क्रमानं चालते आणि एकाच फाइलमध्ये मावते. मांडणी लिहायच्या आधी ती वाचून काढा. वाचल्यावर तीच वापरावीशी वाटली तरी माझी हरकत नाही. मांडणीचं कोड तुमच्या हातचं असलंच पाहिजे असा आग्रह मी धरणार नाही.

तक्त्यासाठी मात्र वेगळं लिहावं लागेल. वेळ, स्थानक, फलाट, स्थिती, बटण असे स्तंभ आहेत. प्रत्येक ओळ म्हणजे सुटी आडवी रांग धरली तर ‘९’ आणि ‘१०अ’ यांची रुंदी वेगळी पडते आणि स्तंभ वाकडेतिकडे दिसतात. स्तंभाची रुंदी त्यातल्या सगळ्यात रुंद मजकुराची हवी. तीही फक्त दिसणाऱ्या ओळींवरून काढू नका, नाहीतर यादी सरकवताना ‘कोपरखैरणे’ आत-बाहेर गेलं की स्तंभ रुंद-अरुंद होत राहतो. स्थानकांची पूर्ण यादी तुमच्याकडे आहेच, तिच्यातलं सगळ्यात रुंद नाव भाषा बदलली की एकदा मोजा. ही यादीही कोडमध्ये पक्की न करता फाइलमधून वाचा. दिघा गाव २०२४ मध्ये सुरू झालं. ठाण्यानंतर थेट ऐरोली धरून लिहिलेला नकाशा त्या दिवशी जुना झाला.

आता अक्षरं. तुमच्या निम्म्याहून अधिक अडचणी इथेच आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

मराठी पडद्यासाठी मी चाचणीला काही ठरलेले शब्द ठेवतो आणि तुमच्या गेममध्ये ते आयतेच आहेत. ‘दिघा’: वेलांटी द च्या आधी दिसायला हवी, पण साठवणीत ती नंतर येते. ‘तुर्भे’: उकार त च्या खाली, र चा रफार होऊन भ च्या डोक्यावर, आणि तिथेच मात्राही, दोघं एकमेकांवर चढता कामा नयेत. ‘सुटणाऱ्या’: इथला र रफार होत नाही, य च्या आधी आडवा चंद्रकोरीसारखा येतो. ‘वाशी’ आणि ‘घणसोली’: श आणि ल मराठी वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे ते बघायचं. हे पाच शब्द नीट आले तर फलकावर फारसं काही बिघडत नाही.

हे जुळवण्याचं काम हार्फबझ करतं. फॉन्टमधून चित्र काढायचं काम फ्रीटाइप करतं. तुम्ही एसडीएलवर आहातच, तर एसडीएल टीटीएफ घ्या, तिच्यात दोन्ही येतात. फक्त ती हार्फबझसह बांधली आहे ना ते तपासा. नसली तर अक्षरं आता फुटतात तशीच फुटतील. आणि फॉन्टला भाषा मराठी आहे हे स्पष्ट सांगा. ते न सांगता हार्फबझला अंदाज करायला लावलं तर ते भाषा संगणकाच्या सेटिंगवरून घेतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे लॅपटॉप इंग्रजीवर असतात. मग लिपी देवनागरी ओळखली जाते, जोडाक्षरं जुळतात, पण श आणि ल हिंदी वळणाचे राहतात. सगळं बरोबर दिसत असताना एवढंच खटकत राहतं आणि कारण सापडत नाही. फॉन्टमध्येही मराठी रूपं असावी लागतात, ती सगळ्यांत नसतात. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, गूगलचा नोटो असे मुक्त परवान्याचे फॉन्ट घेऊन ‘वाशी’ आणि ‘घणसोली’ त्यांत लिहून बघा आणि मग निवडा.

इंग्रजी गेमची पुस्तकं सांगतात की सुरुवातीला सगळी अक्षरं एका मोठ्या चित्रावर छापून ठेवा. इंग्रजीची छापता येण्याजोगी चिन्हं ९५ आहेत, तिथे ते चालतं. देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा १२८ जागांचा दिसतो, म्हणून तेही जमेल असं वाटतं. पण फॉन्टच्या आत अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या अशी शेकडो चित्रं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना युनिकोड क्रमांकच नसतो. तेव्हा साठा ठेवायचा तो फॉन्टमधल्या चित्राच्या क्रमांकानं, आणि जे चित्र लागेल ते लागेल तेव्हा काढून.

तुमच्या गेमला मी त्याहून सोपं सुचवेन: पूर्ण शब्दसमूहाचं एकच चित्र करा. ‘कोपरखैरणे’ एकदा जुळवलं, एकदा काढलं, की मजकूर, फॉन्ट, आकार आणि भाषा बदलेपर्यंत तेच वापरा. फलकावरचा मजकूर फार तर काही डझन आहे आणि तो क्वचित बदलतो. याचा आणखी एक फायदा शिरोरेषेला होतो. अक्षरं सुटी काढली तर शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा टोकाला एकमेकींवर किंचित चढतात. मजकूर पूर्ण गडद असताना ते दिसत नाही. गेलेल्या गाडीची ओळ तुम्ही ५० टक्के फिकट केली की चढलेल्या जागी ७५ टक्के गडद ठिपके उमटतात, प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर एक. पूर्ण शब्दाचं चित्र करून मग ते फिकट केलं तर हे होत नाही.

शिरोरेषेचे असे आणखी काही त्रास आहेत. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय विजेटला देऊच नका, रेषा तुटते. प्रत्येक अक्षराची जागा वेगवेगळी पूर्ण पिक्सेलवर बसवली तरी बारीक फटी पडतात. बसवायची तर पूर्ण ओळीची सुरुवात बसवा. नकाशावर नावांना काळी कड देणार असाल, तर आधी सगळ्या अक्षरांच्या कडा काढा आणि मग सगळ्यांच्या वर पांढरा भाग. अक्षरागणिक कड-भाग, कड-भाग असं काढलं की पुढच्या अक्षराची कड मागच्याच्या शिरोरेषेवर उभी काळी रेघ मारते. मराठीतल्या कितीतरी गेममध्ये आणि जाहिरातींत ही रेघ दिसते.

स्टेशन मास्तरांचे संवाद एकेक अक्षर उमटत जावेत असं तुमच्या पडद्यांत आहे. ते युनिकोड चिन्हं मोजून करू नका. ‘तुर्भे’ तसं उमटवलं तर आधी त, मग तु, मग तुर, मग पाय मोडलेला र्, मग एकदम रफारासह भ, असं थरथरत येतं. वाचणाऱ्याला ‘तु’ आणि ‘र्भे’ असे दोन टप्पे हवेत. पूर्ण वाक्य एकदाच जुळवा, हार्फबझ कोणतं चित्र मजकुराच्या कोणत्या तुकड्यातून आलं ते सांगतं, त्या तुकड्यांनी उघडत जा. ओळ मोडणंही पूर्ण वाक्य जुळवल्यावर एकदाच ठरवा, म्हणजे अर्धा उमटलेला शब्द मध्येच खालच्या ओळीत उडी मारणार नाही. जागा अपुरी पडली म्हणून तीन टिंबं देऊन मजकूर तोडतानाही तुकडे हेच.

ओळीची उंची इंग्रजीवरून ठरवू नका. वर रफार-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार धरून देवनागरीला जास्त उंची लागते; ‘तुर्भे’ बटणात मावलं की बाकीची नावं मावतात. आणि देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे मथळा वेगळा दाखवायला वजन, आकार किंवा रंग यांवरच भिस्त. म्हणून फॉन्टचं एक ठळक वजन सुरुवातीपासून बरोबर घ्या.

घड्याळ आणि उशिराची मिनिटं यांना शब्दाच्या चित्राची युक्ती लावू नका, ती सतत बदलतात. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये १ आणि ८ ची रुंदी सारखी नसते, त्यामुळे चालतं घड्याळ डावी-उजवीकडे हलत राहतं. आकड्यांना शिरोरेषा नसते, याचा फायदा घ्या: दहाही आकडे सुटे काढून ठेवा आणि सगळ्यात रुंद आकड्याएवढ्या समान खणांत मध्यभागी बसवा.

रंगवण्याबद्दल थोडंच सांगायचं आहे. सगळं काही चौकोन आहे, चौकोन म्हणजे दोन त्रिकोण. पूर्ण पडद्याचे त्रिकोण एका यादीत गोळा करा, चित्रं शक्य तितकी एका मोठ्या चित्रावर ठेवा, आणि एसडीएलच्या त्रिकोण काढणाऱ्या फंक्शनला एकदम द्या. चौकटींसाठी नऊ तुकड्यांची पद्धत पुरते: कोपरे तसेच ठेवायचे, कडा आणि मधला भाग ताणायचा. सरकणाऱ्या यादीपुरती कापायची चौकट लावा. अंतराचं क्षेत्र (प्रत्येक ठिपक्याचं अक्षराच्या कडेपासूनचं अंतर) साठवून अक्षरं काढायची पद्धत, जी व्हॉल्व या गेम कंपनीच्या ख्रिस ग्रीन यांनी २००७ मध्ये मांडली, ती फार चर्चेत असते. तुमच्याकडे ती नकाशा लहान-मोठा करताना स्थानकांच्या नावांना कामाची ठरेल, बाकी पडद्यांना नको.

यूआयच्या कोडनं खेळाची अवस्था थेट बदलू नये, याबाबत मी कडक आहे. तक्ता काढता काढता ‘सोडा’ दाबलं गेलं म्हणून तिथेच गाडी सोडली, तर त्याच फ्रेममध्ये अर्धा पडदा जुन्या अवस्थेचा आणि अर्धा नव्या अवस्थेचा दिसतो. बटणानं फक्त आज्ञा टाकावी: ‘अमुक क्रमांकाची गाडी सोड’. फ्रेमच्या शेवटी खेळ त्या आज्ञा उचलेल. या आज्ञा वेळेसकट फाइलमध्ये लिहून ठेवल्या तर खेळाडूनं कळवलेली चूक तुम्ही घरी जशीच्या तशी पुन्हा चालवून बघू शकता. तुमच्यासारख्या वेळेवर चालणाऱ्या गेमला याचा फार उपयोग होतो.

सिग्नलच्या रंगांबद्दल. लाल-हिरव्यात फरक न कळणारी माणसं, विशेषतः पुरुष, तुमच्या खेळाडूंत नक्की असतील. खटक्याची अवस्था रंगाबरोबर जागेनं किंवा आकारानंही कळली पाहिजे. पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीचा प्रश्न याहून अवघड आहे. स्वतःची यंत्रणा म्हणजे अँड्रॉइडच्या किंवा विंडोजच्या दृष्टीनं तुमचा पडदा एक कोरं चित्र, त्यात बटणं आहेत हे त्यांना कळतच नाही. ॲक्सेसकिट नावाची मुक्त लायब्ररी ही दरी भरते, गोडोनंही ४.५ मध्ये तीच घेतली. तुमच्याकडे दर फ्रेमला विजेटांची यादी असतेच. प्रत्येकाला एक वाचण्याजोगं नाव आजपासून द्या, म्हणजे ती जोडताना सगळा कोड पुन्हा चाळावा लागणार नाही.

चाचणी घरात दिव्याखाली करू नका. स्वस्तातला फोन घ्या आणि दुपारी ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीत दाराजवळ उभं राहून खेळा, एका हातात कडी, दुसऱ्यात फोन. ऐरोलीच्या पुढे ऊन थेट पडद्यावर आलं की फिकट करड्या अक्षरांचं काय होतं ते कळेल. अंगठा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही हेही कळेल, मग ‘सोडा’ची बटणं ओळीच्या उजव्या टोकाला, अंगठ्याच्या टप्प्यात आणाल. डावखुऱ्यांसाठी ती डावीकडे नेण्याची सोय तुमच्या मांडणीत एका ओळीच्या बदलाची आहे. कॅमेऱ्याच्या खाचेखाली काही जाऊ नये म्हणून एसडीएल ३ कडून सुरक्षित जागा विचारून घ्या.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. आधी पाच चाचणी-शब्द फोनवर नीट दिसू देत, बटण नाही, मांडणी नाही, काही नाही. मग तक्ता, तो सरकवणं आणि ‘सोडा’. मग फोकस. मग नकाशा. मुख्य मेनू आणि सेटिंगचे पडदे सगळ्यात शेवटी, कारण तोवर लागणारी सगळी विजेट तयार झालेली असतील. खेळाडूचं नाव लिहून घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. मराठी टंकलेखन, कर्सर जोडाक्षराच्या मध्ये न अडकणं, फोनचा कीबोर्ड वर आल्यावर पडदा सरकणं, हे एका नावासाठी फार आहे. ठरलेल्या नावांची यादी द्या, निवडू दे.

आणि तक्त्याचा पडदा मराठीत, फोनवर, तुमच्या मनासारखा चालेपर्यंत बाकी काही सुरू करू नका. तो जमत नाही असं दिसलं तर गोडोवर जा. गोडो ४ मध्ये हार्फबझ आतच आहे आणि गेम ज्यात बनवतात त्या गोडोच्या संपादकाची संपूर्ण यूआय त्यांच्या स्वतःच्याच विजेटांवर चालते, त्यामुळे ती विजेट भक्कम आहेत. गाड्यांचा हिशोब आज्ञांच्या यादीमागे वेगळा ठेवला असेल, तर तो सी प्लस प्लसचा भाग जसाच्या तसा गोडोला जोडता येतो. टाकावा लागेल तो फक्त पडदा.